कॅचर करते काय?

“कॅचर करते काय? बसते तर.”

देशमुख काका हे म्हणाले तेव्हा त्यांच्या तोंडात बटाटेवडा होता, आणि ज्या कॅचरबद्दल ते बोलत होते ती दहा पावलांवर, स्वयंपाकघरात, पुढचा घाणा तळत होती. कॅचर म्हणजे नलूकाकू. नलूकाकू म्हणजे देशमुख काकांची बायको. हे मला मुद्दाम सांगावं लागतंय, कारण त्या वाक्यावरून कुणाला कळलं नसतं.

ऑगस्टमधला रविवार, भर दुपार, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधलं देशमुखांचं घर. डायनिंग टेबलाशेजारी खुर्चीवर टेकवून ठेवलेला, ऑफिसातून आणलेला व्हाइटबोर्ड. त्यावर अध्यक्ष सुधाकाकांच्या अक्षरात मथळा: ‘सर्वात मौल्यवान खेळाडू’. सराफाच्या दुकानावर शोभावा असा. मराठी मंडळाच्या बेसबॉल टीमचा सीझन आदल्या दिवशी संपला होता आणि कमिटी उमेदवार तोलायला बसली होती. मी टेबलाच्या कोपऱ्यावर, मांडीवर स्कोअरबुक घेऊन. मला मत नव्हतं. आकडा विचारला की सांगायचा, एवढंच काम.

दर सप्टेंबरला ते वाक्य मला पुन्हा ऐकू येतं. आता मी जर्सी सिटीत राहते, सकाळच्या गाडीने मॅनहॅटनला जाते. उन्हाळा संपत आला की डब्यातल्या पुरुषांना एक ठरावीक ताप चढतो: यंदाचा एमव्हीपी, म्हणजे मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर, कोण. पेपरची घडी गुडघ्यावर आपटत ते भांडतात. ज्याची टीम तळाला गेली तो व्हॅल्युएबल कसा? बॉल टाकणारा पिचर पाच दिवसांतून एकदा खेळतो, त्याला द्यायचं का? परवा टाय लावलेला एक माणूस शेजारच्याला मोठ्या गंभीरपणे म्हणाला की आकडे खोटं बोलत नाहीत. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. आकडे बोलतच नाहीत. मी त्यांना जवळून ओळखते, कारण मी त्यांच्यासारखीच आहे. विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि विचारणारा चुकीचं विचारत असेल तर त्याला तसंच जाऊ देते.

त्या उन्हाळ्यात मी ह्यूस्टनला स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स करत होते आणि सुधाकाकांकडे राहत होते. सुधाकाका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, मंडळाचे अध्यक्ष, तेलाच्या कंपनीत मोठे इंजिनिअर. त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात स्कोअरबुक दिलं. “तू आकड्यांतली आहेस ना, मग हे तुझं.” स्कोअरबुक कसं भरायचं हे त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. मी लायब्ररीतून पुस्तक आणून शिकले. मला ते आवडलं. प्रत्येक खेळाडूपुढे एक छोटा चौकोन, चौकोनात तिरका पाट, पाटाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस, चौथा म्हणजे घर, तिथे पोचलं की रन. माणूस जिथवर पोचला तिथवर पेन्सिलीने रेघ. शाळेतल्या नन्सनी मला जी एकुलती एक विद्या मनापासून शिकवली होती, म्हणजे खाली मान घालून स्वच्छ अक्षरात लिहीत राहणं, तिला जगात जागा मिळाली होती.

शनिवारी सकाळी नऊला मॅच. नऊलाच हवा ओल्या टॉवेलसारखी अंगावर पडायची. मैदानाशेजारी पत्र्याची शेड, शेडखाली लोखंडी बाक, बाकाखाली लाल मुंग्यांची वारुळं. पाय जमिनीला लागू न देता बसायचं, नाहीतर घोटे सोलून निघायचे. कूलरमध्ये दुधाच्या रिकाम्या गॅलन कॅनमधून आणलेलं ताक. समोर कधी गुजराती समाजाची टीम, कधी तेलुगू मंडळ, कधी चर्चवाले, कधी सुधाकाकांच्या ऑफिसातले. आमच्या टीममध्ये डॉक्टर होते, इंजिनिअर होते, आणि सगळ्यांचे गुडघे एकाच वयाचे होते.

म्हणून तर पहिल्या शनिवारी अडलं. कॅचरला बॅटरच्या मागे उकिडवं बसायचं असतं, आणि उकिडवं बसू शकणारा एकही पुरुष निघेना. तीस वर्षं खुर्ची, गाडी, सोफा आणि कमोड यांच्यावर काढलेली माणसं. कुलकर्णी काका बसले तेव्हा त्यांचे गुडघे फुटाण्यांसारखे वाजले आणि दोघांनी त्यांना काखेत धरून उभं केलं. देशमुख काका अर्ध्यावर थांबले, बराच वेळ तसेच, न दिसणाऱ्या स्टुलावर बसल्यासारखे, आणि मग म्हणाले की ही पोझिशन मेडिकली अनसाउंड आहे. नलूकाकू ताक घेऊन आल्या होत्या. त्यांनी कॅन खाली ठेवला आणि म्हणाल्या, “मी बसते.”

आणि बसल्या. टाचा जमिनीला टेकवून, पाठ सरळ, हात गुडघ्यांवर, दारात भाजी निवडायला बसावं तशा. वय बावन्न. शेजारच्या मैदानावरचा अमेरिकन कोच कुंपणाला येऊन बघत राहिला. “मॅम, तुम्ही असं किती वेळ बसू शकता?” त्याने इंग्रजीत विचारलं. काकूंनी चेहऱ्यावरचा कॅचरचा जाळीदार मास्क वर केला. “होल डे,” त्या म्हणाल्या. “व्हॉट इज देअर?”

तेव्हापासून दर शनिवारी तसंच. आधी गळ्यातलं काढून माझ्याकडे द्यायच्या. “धर गं, बॉल लागला तर मणी सांडतील.” मी ते माझ्या पेन्सिलींच्या पाउचमध्ये ठेवायचे. मग अंबाडा सोडून वेणी, वेणीवर रुमाल, रुमालावर मास्क. आमचा बॉल खऱ्या बॉलपेक्षा थोडा मऊ असायचा, कुणाचे दात जाऊ नयेत म्हणून, पण यायचा वेगातच. तो कॅचरच्या हातून निसटला की बेसवर थांबलेला गडी फुकटात पुढे पळतो. समोरच्या टीमच्या पानांवर अशा निसटलेल्या बॉलच्या खुणांनी कडा काळ्या व्हायच्या. नलूकाकूंच्या नावापुढे आख्ख्या उन्हाळ्यात ज्या खुणा झाल्या त्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकी कोरं. आणि कोऱ्या जागेला कुणी टाळ्या वाजवत नाही.

शिवाय त्या बोलत असायच्या. बॅटरचे पाय बघून, मास्कच्या आतून, मराठीत. “जोशी, दोन पावलं मागे. हा उंच मारणार.” “खाली टाक रे याला, खाली. वर टाकलंस तर गेला बॉल रस्त्यावर.” चर्चवाल्यांना वाटायचं बाई प्रार्थना म्हणतेय. मी सांगते, निम्मे कॅच त्या बोलण्यावर पकडले गेले. पण कॅच ज्याने पकडला त्याचं नाव बुकात. सांगितलं कुणी, याला रकाना नाही. मी समासात एक बारीक टिंब द्यायला लागले होते. ते काय आहे हे कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला सांगितलं नाही.

आता त्या उन्हाळ्यातली खरी गंमत. गंमत म्हणते, पण मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

ही सगळी माणसं क्रिकेटवर वाढलेली. गुडघा धरला की हात वर करून ओरडायचं, “रनर!” क्रिकेटमध्ये तसं करायचे, तसंच इथे. लीगने त्यांच्या वयाकडे बघून परवानगी दिली होती. कुलकर्णी काका बॉल मारायचे, आणि चांगला मारायचे, लंगडत पहिल्या बेसला पोचायचे, हात वर करायचे. मग शेडमधून निशांत धावत जायचा. निशांत सुधाकाकांच्या बायकोचा भाचा, नुकता नोकरीला लागलेला, पायांनी हरणासारखा. तो तीन बेस पळून घरी यायचा, टोपी हवेत उडवायचा, लोक उठून टाळ्या वाजवायचे. कुलकर्णी काकांच्या जागी पळायचा, देशमुख काकांच्या जागी पळायचा, जोशींच्या जागी पळायचा. स्वतः बॅटिंगला आला की बहुतेक वेळा तीनदा हवा कापून बाद, परत शेडमध्ये.

क्रिकेटमध्ये रनर कितीही पळो, रन बॅट्समनचे. बेसबॉलमध्ये उलटं आहे. ज्याचे पाय घरी पोचतात, रन त्याच्या नावावर. मी नियमाप्रमाणे लिहिलं. शनिवारमागून शनिवार, निशांतच्या नावापुढचा रकाना भरत गेला, आणि क्रिकेट डोक्यात ठेवून तो रकाना वाचणाऱ्या कुणालाही वाटावं की टीमचे सगळे रन हाच मुलगा ठोकतोय. मला हे दुसऱ्याच आठवड्यात दिसलं होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले.

का नाही बोलले तेही सांगते. जूनमधल्या मीटिंगमध्ये सुधाकाकांनी मला आतापर्यंतचे एकूण रन वाचायला सांगितले. मंडळाची मीटिंग, म्हणून मराठीत. एकोणपन्नास म्हणायचं होतं. तो शब्द मला ऐन वेळी सापडेना. मी म्हटलं, “चाळीस आणि नऊ.” टेबल हसून हसून हललं. देशमुख काकांनी त्या दिवसापासून मला ‘कॉन्व्हेंट’ नाव ठेवलं. “ए कॉन्व्हेंट, पाणी आण.” “कॉन्व्हेंटला विचारा, तिला चाळीस आणि नऊपर्यंत येतं.” ज्यांची स्वतःची मुलं बापाला “डॅड, स्पीक नॉर्मल” म्हणून खोलीचं दार लावून घेतात, ती ही माणसं. एका वाक्यात सहा इंग्रजी शब्द आणि सातवा ‘आपली संस्कृती’. मला हे सगळं तेव्हाही कळत होतं, आणि तरी मी पाणी आणत होते. तुच्छता मनात ठेवून पाणी आणता येतं. ग्लास अजिबात डुचमळत नाही.

शेवटच्या मॅचच्या आधी, गळ्यातलं माझ्या हातात देताना, नलूकाकू एकदम म्हणाल्या, “मला डॅलसला यायचंय गं.” लेबर डेच्या वीकेंडला डॅलसला सगळ्या मंडळांची टुर्नामेंट असायची. दोन व्हॅन, मोजक्या जागा. एमव्हीपीची जागा पक्की, बाकीची नावं कमिटी ठरवणार. आणि सुधाकाका ऑफिसातल्या एका अमेरिकन पोराला कॅचर म्हणून नेणार, ही बातमी आठवडाभर फिरत होती. “तीस वर्षांत यांच्या कॉन्फरन्स सोडून मी कुठे गेले नाही,” त्या म्हणाल्या. “तिथेही हॉटेलच्या खोलीत बसायचं. हे पहिलं असं आहे की मी गेले तर यांनी शेडमध्ये बसायचं.” आणि हसल्या, मास्क खाली ओढला. “जाऊ दे. म्हणणार कोण?”

म्हणणार कोण. पाउचमध्ये त्यांचं मंगळसूत्र, मांडीवर माझं स्कोअरबुक. माझ्याइतका पुरावा त्या मैदानावर दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

तर त्या रविवारी टेबलाभोवती चौघं. सुधाकाका, देशमुख काका, कुलकर्णी काका, आणि निशांत. निशांत उमेदवार असल्यामुळे त्याने मत द्यायचं नव्हतं. वडे खायला हरकत नव्हती.

“माझं नाव नको,” कुलकर्णी काका म्हणाले. “म्हणजे घेतलंत तर मी नाही म्हणणार नाही.”

“सीनिऑरिटी बघायची तर मीही आहेच,” देशमुख काका म्हणाले. “पण आपण ऑब्जेक्टिव्ह राहू या.”

सुधाकाकांनी बोर्डावर रकाने पाडले. रन्स. डेडिकेशन. मंडळ-सेवा. डेडिकेशनच्या रकान्यात बराच वेळ गेला, कारण प्रत्येकाला आपापलं डेडिकेशन आठवत होतं. एकाने मुलीच्या ग्रॅज्युएशनच्या दिवशी मॅच खेळली होती. एकाने पाठीला पट्टा लावून. मंडळ-सेवेत गणपतीच्या मखराचा थर्माकोल कुणी कापला यावर वाद झाला. नलूकाकूंचं नाव बोर्डावर सगळ्यात खाली होतं, ते मी सुचवलं होतं, मीटिंगआधी, सुधाकाकांना, हळूच. नावापुढे तिन्ही रकाने रिकामे. तेव्हा देशमुख काका ते वाक्य बोलले.

“कॉन्व्हेंट, निशांतचे रन्स किती?”

मी सांगितले. एकोणचाळीस. यावेळी शब्द पाठ करून आले होते.

“बघा!” कुलकर्णी काका म्हणाले. “दुसऱ्या नंबरवर कोण आहे?” दुसऱ्या नंबरच्या नावापुढे अकरा होते. “मग प्रश्नच मिटला. एकोणचाळीस! अरे, हा तर आपला ओपनर आहे.” त्या एकोणचाळिसांतले बारा त्यांनी स्वतः मारले होते. बारा वेळा त्यांनी बॉल कुंपणाकडे धाडला होता, आणि आता ते दुसऱ्याची पाठ थोपटत होते. माणूस इतका मजेत स्वतःला लुटून देताना मी पुन्हा पाहिला नाही.

“थँक्स काका,” निशांत म्हणाला. “टीम एफर्ट यार.” वाईट मुलगा नव्हता. त्याने खरंच कधी विचार केला नव्हता.

मी घरून एक कागद लिहून आणला होता. इंग्रजीत, स्वच्छ अक्षरात, दोन भागांत: निशांतने स्वतः मारून काढलेले रन, आणि इतरांसाठी पळून आणलेले. पहिल्या भागात चार होते. त्याखाली नलूकाकूंच्या कोऱ्या जागांचा अर्थ, आणि समासातली टिंबं. मी तो टेबलावरून सुधाकाकांकडे सरकवला. त्यांनी माझ्याकडे प्रेमाने पाहिलं, “वा, वा,” म्हणाले आणि त्यावर वडा ठेवला. बशा संपल्या होत्या. बघता बघता कागद तेलाने पारदर्शक झाला आणि माझ्या आकड्यांमधून खालच्या टेबलाचं लाकूड दिसायला लागलं.

त्या कागदाचा मला अजून राग येतो. वड्याचा नाही, सुधाकाकांचाही फारसा नाही. कागदाचा. बोलायचं टाळण्यासाठी मी आयुष्यभर कागद वापरत आले. ई-मेल, चिठ्ठी, फॉर्म, तळटीप. आजही ऑफिसात कुणी माझ्या मॉडेलवरून भलता निष्कर्ष काढला तर माझा हात आधी कीबोर्डकडे जातो. मौल्यवान या शब्दाचं मला हसू येतं ते याचमुळे. डब्यातले ते टायवाले आणि शुगर लँडचे ते काका एकाच गोष्टीला मोल देतात: जे झालं आणि दिसलं. जे होऊ दिलं नाही, जो बॉल निसटला नाही, जो गडी पुढे गेला नाही, जे घर तीस वर्षं पडलं नाही, त्याला खूण करायला पेन्सिल उचलतं कोण? त्याला म्हणतात बसणं.

माझ्या घरात एका ड्रॉवरमध्ये दोन वस्तू आहेत. एक सर्टिफिकेट. जाड कागद, सोनेरी कडा, वर मंडळाचा गणपती, खाली अध्यक्षांची आधीच करून ठेवलेली सही. नावाची ओळ कोरी. त्या वर्षी ते कुणालाच दिलं गेलं नाही. दुसरा एक फोटो, डॅलसचा. नलूकाकू मास्क कपाळावर सरकवून उकिडव्या बसल्यात, गालांवर घामाच्या रेघा, टिकली भुवईपर्यंत घसरलेली. मागे शेडमध्ये, धूसर, पण ओळखू येतील असे देशमुख काका. मांडीवर ताकाचा कॅन.

डब्यातल्या माणसांचा वाद ऐकताना मला त्या टेबलावरचा शेवटचा क्षण आठवतो. सुधाकाकांनी तेच सर्टिफिकेट माझ्यासमोर ठेवलं, शाईचं पेन दिलं. “लिही मृणाल. तुझं अक्षर सुंदर आहे. निशांतचं पूर्ण नाव घाल.”

“इंग्लिशमध्ये लिहू दे तिला,” देशमुख काका म्हणाले. “नाहीतर चाळीस आणि निशांत लिहील.”

सगळे हसले. निशांत मोबाइल काढून फोटोसाठी उभा राहिला. मी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन बंद झाला, आणि त्या अचानक आलेल्या शांततेत नलूकाकूंचा आवाज आला. बाहेर न येता, सहज विचारल्यासारखा. “कुणाचं ठरलं हो?”

कुलकर्णी काकांनी बोटं चाटली. सुधाकाका बोर्ड पुसायला उठले.

“तू चहा टाक,” देशमुख काका दाराकडे न बघता म्हणाले.

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला नाही. काकू तिथेच, दारामागे उभ्या होत्या, हे मला कळत होतं. त्या उत्तराची वाट बघत होत्या. पाणी नळातून थेंब थेंब पडत होतं. जूनपासून जमवलेलं सगळं, टिंबं, रकाने, नियम, एकोणचाळीस वजा पस्तीस, जिभेपर्यंत आलं आणि एकदम निरुपयोगी वाटलं. या माणसांना आकडा कशाला समजावायचा? मी टोपण पेनाला परत लावलं. सर्टिफिकेट बाजूला सरकवलं, स्कोअरबुकाचं नवीन पान उघडलं, आणि मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

“देशमुख काका, तुम्ही दोन मिनिटं उकिडवे बसून दाखवा. मी लिहून घेते.”